अकरा नंबरचा फॉर्म

ते फॉर्म दोंडाईच्याला, एका कापडदुकानाच्या माळ्यावर होते. हेमलताला त्यांचा पत्ता लागला तेव्हा तिला वाटलं, आपलं अडलेलं गाडं आता सुटलं.

हेमलता धरणगावची. जळगावच्या विद्यापीठात पीएच.डी. करत होती. विषय होता सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांमध्ये बाळंतपणात दगावणाऱ्या बाया. नाव नोंदवलं आणि करोना आला, पाड्यांवर जाणं बंद झालं. तो सरला तर वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले. घर सोडून आठ-आठ दिवस डोंगरात राहणं तिला शक्य नव्हतं. तिचे मार्गदर्शक जगदीश सर म्हणाले, "कुणीतरी आधीच गोळा केलेली माहिती असेल तर बघ. दुय्यम माहितीवरही चांगलं काम होतं. फक्त ती कुणी, कशासाठी आणि कशी गोळा केली, ते तपासून घ्यायचं."

शिरपूर तालुक्यात एका डॉक्टरांची संस्था सात वर्षं काम करत होती. डॉक्टर वारले आणि संस्था मिटली. तिचे एक विश्वस्त होते भिकमचंद शेठ. संस्थेची ट्रंक त्यांच्या दुकानाच्या माळ्यावर तशीच पडून होती. आत सेहेचाळीस फॉर्म होते, एकेका बाईच्या मृत्यूचा एकेक.

"बेटा, ही डॉक्टरसाहेबांची अमानत आहे," भिकमचंद म्हणाले. "घरी नेऊ नकोस. इथेच बसून बघ, वाटलं तर फोटो काढ. नावं मात्र बाहेर जाऊ देऊ नकोस."

"नाही जाऊ देणार, शेठजी," हेमलता म्हणाली, आणि ती मनापासून म्हणाली.

दुपारभर ती माळ्यावर बसून मोबाइलवर फोटो काढत होती. फॉर्मच्या पुढच्या बाजूला छापील प्रश्न होते: वय, कितवं बाळंतपण, दवाखान्यात नेलं का, नेलं नसल्यास कारण. मागच्या बाजूला 'इतर नोंदी' असं लिहून नुसत्या रेघा मारलेल्या होत्या. पहिले चार-पाच फॉर्म तिने उलटून पाहिले. मागे काही नव्हतं. सहाव्याच्या मागे पेन्सिलीने, बारीक, अर्धं अहिराणीत काहीतरी लिहिलेलं होतं, ते माळ्यावरच्या उजेडात धड लागेना. पाचची भुसावळकडची गाडी पकडायची होती. घरी वडिलांना औषध द्यायला शेजारीण बसली होती, तिचे दोन फोन येऊन गेले होते. सातव्यापासून हेमलताने फॉर्म उलटायचे सोडून दिले.

विद्यापीठाच्या नैतिकता समितीचा अर्ज तिने भरला. 'माणसांशी थेट संपर्क येणार आहे का?' या प्रश्नापुढे 'नाही, दुय्यम माहिती' असं लिहिलं. आठवड्यात मंजुरी आली.

काम खरंच चांगलं झालं. तक्ते झाले, नकाशे झाले. नावं तिने काढून टाकली, पाड्यांची नावंही काढली. पण नुसत्या आकड्यांनी वाचणाऱ्याच्या काळजाला हात लागत नाही, म्हणून तिने अकरा बायांच्या हकिकती थोडक्यात लिहिल्या. त्यांतली एक अशी होती: 'शिरपूर तालुक्यातला एक पाडा. ऑगस्ट २०११. माता एकोणीस वर्षांची, जुळी मुलं. एक मूल आईबरोबर गेलं, मुलगी वाचली. सासू आश्रमशाळेत स्वयंपाकीण. तीन दिवस कळा सुरू असूनही सासूच्या नकारामुळे मातेला दवाखान्यात नेण्यात आले नाही.'

फॉर्मवर तसंच होतं. 'कारण' या रकान्यात चार पर्याय होते: अंतर, वाहन नाही, पैसे नाहीत, कुटुंबाचा नकार. खूण चौथ्यावर होती आणि समोर 'सासू' असा शब्द होता. हेमलताने आपल्या पदरचं काही घातलं नव्हतं.

जागतिक महिला दिनाला जिल्ह्याच्या एका वर्तमानपत्राने तिच्याकडून लेख मागून घेतला. तिने याच हकिकतींतल्या तीन दिल्या. लेख छापून आला, फोन आले, जगदीश सरांनी पेढे मागितले. वडिलांना नीट बोलता येत नव्हतं, तरी त्यांनी वर्तमानपत्र छातीवर धरून ठेवलं.

सहा दिवसांनी एक अनोळखी फोन आला.

"ताई, मी अभिमन बोलतो, सोनगीरहून. डॉक्टरांच्या संस्थेत मी फॉर्म भरायचो. तुमच्या लेखातला झिरपाड्याचा फॉर्म माझ्या हातचा आहे."

"झिरपाड्याचा? मी तर पाड्याचं नाव कुठेच लिहिलं नाही."

"ताई, त्या अख्ख्या पट्ट्यात आश्रमशाळेत स्वयंपाक करणारी सासू किती असणार? आणि जुळ्यांतली वाचलेली पोरगी किती असणार?"

अभिमनने मग झालं ते सांगितलं. त्या आश्रमशाळेतल्या एका बाईंनी, मुलींनी वाचावं म्हणून, लेखाचं कात्रण शाळेच्या फलकावर लावलं होतं. त्या बदलून आलेल्या, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. वाचलेली पोरगी, मोनाली, त्याच शाळेत आठवीत होती. स्वयंपाकघरात तिची आजी, गुंताबाई, रोज भाकरी थापत होती. मोनालीचा बाप जामसिंग दुसरं लग्न करून कामाला गुजरातेत गेला तो तिकडलाच झाला. पोरगी चार दिवसांची असल्यापासून आजीनेच वाढवलेली. बकरीच्या दुधाचे बोळे तोंडात पिळून जगवलेली.

कात्रण आधी दुसऱ्या मुलींनी वाचलं. त्यांतली एक मोनालीला म्हणाली, "हे तुझंच ना?"

मोनाली फलकासमोर बराच वेळ उभी होती म्हणे. दुपारी पंगतीत आजी भाकरी वाढायला आली तर तिने ताटावर हात आडवा धरला. रात्रीही तेच. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या मामाला, नवलला, फोन केला. तो चोपड्याच्या वरच्या अंगाला डोंगरात राहतो. तो आला आणि भाचीला घेऊन गेला. जाताना त्याने आजीला एवढंच विचारलं, "माझ्या बहिणीला तुम्ही का नाही नेऊ दिलं?" आजी काही बोलली नाही.

"पण फॉर्मवर तसंच लिहिलं होतं, दादा," हेमलता म्हणाली.

अभिमन म्हणाला, "ताई, तुम्ही मागची बाजू वाचली नाही का?"

दुसऱ्याच दिवशी ती दोंडाईच्याला गेली. भिकमचंद शेठनी काही न विचारता माळ्याची किल्ली दिली. झिरपाड्याचा, अकरा नंबरचा फॉर्म तिने खाली आणला, दुकानाच्या दारातल्या उजेडात धरला आणि उलटा केला. पाठ गच्च भरलेली होती. एकेक शब्द लावत वाचायला तिला अर्धा तास लागला.

'सासू सांगतात: जीप नाल्याच्या पलीकडं. नाल्याला पूर. माणसं म्हणाली, झोळीत घालून वरच्या अंगानं फिरवून नेऊ. मागच्या पावसाळ्यात माझी लेक अशीच झोळीतून नेली. उतारावर झोळीतच गेली. पावसात, दगडावर ठेवून. तिच्या तोंडात पाणी घालायलाही मी जवळ नव्हते. म्हणून मी सुनेला नेऊ दिलं नाही. म्हटलं, पूर उतरू द्या, मग जीपनं नेऊ. पूर उतरला नाही. माझं चुकलं का, ते मला कळत नाही. हे लिहून पुलाच्या अर्जाला जोडा, साहेबाला दाखवा. बाकी कोठे दाखवू नका. पोरीला कुणी काही सांगायचं नाही. ती समजती झाली की मी माझ्या तोंडानं सांगेन.'

खाली अंगठा होता.

भिकमचंद गादीवरून बघत होते. त्यांनी नोकराला पाणी आणायला सांगितलं. हेमलताने पेला हातात घेतला आणि तसाच धरून बसली.

"शेठजी, मी हे पान उलटलंच नाही," ती म्हणाली.

"मी तरी कुठं उलटलं, बेटा?" भिकमचंद म्हणाले. "तेरा वर्षं माझ्या डोक्यावर होतं."

रविवारी शेजारणीला वडिलांजवळ बसवून ती निघाली. अभिमनने सोनगीरहून मोटारसायकल आणली होती. शिरपूर सोडल्यावर डोंगर जवळ येत गेला. नाल्यावर पूल झालेला होता. अभिमन म्हणाला, "चार वर्षांपूर्वी झाला. आमच्या अर्जानं झाला की आपोआप, देव जाणे."

"दादा, तुम्ही चौथ्या पर्यायावर खूण का केली?" हेमलताने विचारलं.

"मी 'वाहन नाही' वर करत होतो. आजीनं माझा हात धरला. म्हणाली, खोटं नको लिखू, मीच सांगं व्हतं, तिले नेऊ नका. मी म्हटलं, बरं, पण मग सगळंच लिहितो. म्हणून मागं लिहिलं."

गुंताबाई घरासमोर मोहाच्या झाडाखाली फुलं वेचत होती. साठीची, काटक, हातावर गोंदण. घरात पावरी बोलत असली तरी बाहेरच्यांशी ती अहिराणीत बोलायची. अभिमनने ओळख करून दिली. 'हीच ती' असं म्हणताना त्याची जीभ अडखळली. गुंताबाईने टोपली बाजूला सरकवली आणि म्हणाली, "बठ."

हेमलता मातीवरच बसली. वाटेत तिने वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यांतलं एकही आठवेना. "आजी, माझी चूक झाली," एवढंच ती म्हणाली. "मी अर्धंच वाचलं आणि लिहिलं. तुम्हाला न विचारता लिहिलं."

"तू लिखं ते खोटं नही," गुंताबाई म्हणाली. "मीच नही धाडं तिले."

"पण का नाही, ते मी लिहिलं नाही."

गुंताबाई फुलं निवडू लागली. किडकी एका बाजूला, चांगली दुसऱ्या बाजूला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "औंदा सांगनार व्हती. म्हतं, पोर आते शानी व्हयनी, होळी व्हई जाऊ दे मंग सांगसू. कसं सांगानं ते रोज मनमा म्हनी पाहू. भाकरी थापता थापता म्हनी पाहू." तिने हात थांबवला. "मन्ही सांगानी गोट तू आधी सांगी दिधी, बाई."

ती ओरडली असती, शिव्या घातल्या असत्या तर हेमलताला सोसलं असतं. हे सोसवेना. अभिमन उठून मोटारसायकलकडे गेला आणि उगीच चाक चाचपत राहिला.

हेमलताने पिशवीतून फॉर्म काढला. भिकमचंद शेठनी तो तिच्या हवाली केला होता. "आजी, तुमचं सगळं बोलणं यात आहे. मी उद्याच मोनालीकडे जाते, तिला हे वाचून दाखवते. तिला कळेल. वर्तमानपत्रातही खरं काय ते छापायला सांगते."

"नको."

"आजी, तिचा गैरसमज झालाय. हे वाचलं की—"

"नको म्हतं ना." गुंताबाईने हात पुढे केला. हेमलताने फॉर्म दिला. म्हातारीने तो उलटासुलटा करून पाहिला, अंगठ्याच्या ठशावरून बोट फिरवलं, घडी केली आणि कमरेला खोचला. "हाई मन्हं शे. मी सांगसू. तू नको सांगू, पेपरमा नको सांगू, कोनलेच नको सांगू."

हेमलताला पुढचे पंधरा दिवस काढणं जड गेलं. मोबाइलमध्ये त्या पाठीचा फोटो होता. दोंडाईच्याला दारात बसून तिनेच काढलेला. तो नवलच्या फोनवर पाठवायला एक क्षण पुरला असता. पोरगी आजीबद्दल काय समजून बसली आहे हे माहीत असताना हातावर हात धरून बसायचं, हे तिला आपल्या आधीच्या चुकीहूनही कठीण वाटत होतं. एका संध्याकाळी तिने अभिमनकडून नवलचा नंबर मिळवलाही. मग तो फोटोच पुसून टाकला.

एप्रिलच्या सुरुवातीला अभिमनचा निरोप आला: आजी चोपड्याकडे जायचं म्हणते, पण तिला एसटीच्या पाट्या वाचता येत नाहीत. तुम्हाला सोबत बोलावलंय. मलाही बोलावलं असतं, पण ती म्हणाली, बाईमाणूसच बरं.

शिरपूरच्या स्टँडवर दोघी भेटल्या. गुंताबाईने नवं लुगडं नेसलं होतं. पिशवीत मोहाची फुलं आणि भाकरी होत्या. चोपड्यापर्यंत एसटी, तिथून जीप. वाटेत ती एका शब्दानेही त्या विषयाकडे गेली नाही. हेमलताच्या वडिलांची चौकशी केली, अर्धांगावर कुठल्या पाल्याचा लेप लावायचा ते सांगितलं. हेमलता हं हं करत राहिली.

नवल अंगणात खाट टाकून बसला होता. त्याने गुंताबाईला रामराम केला, बायकोला पाणी आणायला सांगितलं. मोनाली दारात उभी होती. आजीला पाहताच ती आत गेली आणि तिने कुडाचं दार ओढून घेतलं. नवल उठला, दाराशी जाऊन दोनदा हाक मारली. आतून उत्तर आलं नाही. तो परत आला आणि मान खाली घालून म्हणाला, "मी जबरदस्ती नाही करणार, आजी."

"नको करू, भाऊ," गुंताबाई म्हणाली.

ती उठली आणि बंद दाराशी जाऊन खाली बसली. पाय पोटाशी घेतले, कमरेचा फॉर्म काढून मांडीवर ठेवला. तो तिला वाचता येत नव्हता, तरी ठेवला. मग दाराकडे तोंड करून, हळू आवाजात, पावरीत बोलायला लागली.

पहिले काही शब्द हेमलताच्या कानावर आले. ते तिला कळले नाहीत, पण आवाज कळला. ती उठली आणि अंगणाच्या बाहेर गेली. नवलही तिच्या मागोमाग आला. दोघं विहिरीपाशी जाऊन उभे राहिले. तिथून म्हातारीची नुसती पाठ दिसत होती. मधूनच तिचा हात वर व्हायचा, उतारासारखा खाली यायचा.

"खरं काय झालं होतं?" नवलने विचारलं. "तुम्हीच लिहिलंय, असं अभिमनने कळवलं होतं. तुम्हाला माहीत असेल."

"मला सांगायचा अधिकार नाही," हेमलता म्हणाली. "त्या तुम्हाला सांगतील, त्यांना वाटलं तर."

ऊन कलायला लागलं तरी गुंताबाई बोलत होती. एकदा बोलणं थांबलं, तिने पदराने तोंड पुसलं, पुन्हा सुरू झाली. शेवटची जीप निघायची वेळ झाली तेव्हा हेमलता अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली. म्हातारी बोलायची थांबली होती. दार बंदच होतं. आत पोरगी ऐकत होती की कानावर गोधडी घेऊन पडली होती, कुणाला माहीत. गुंताबाईने दारावर हात टेकवून आधार घेतला आणि उठली. गुडघे आखडले होते. फॉर्म तिने दाराखालच्या फटीतून आत सरकवला. थोडा वेळ त्याचा कोपरा बाहेर दिसत राहिला. मग तो आत गेला. वाऱ्याने गेला की कुणी ओढला, ते बाहेरून कळलं नाही.

जीपमध्ये गुंताबाई खिडकीला डोकं टेकून बसली. चोपड्याजवळ आल्यावर म्हणाली, "मन्ही लेक बी सांगी टाकी तिले. झोळीवाली. अभिमनले सोडीसन आजलोंग कोनले सांगी नव्हती." मग चोपड्याहून निघालेल्या एसटीत हेमलताच्या खांद्यावर डोकं ठेवून ती झोपली. पार शिरपूर येईपर्यंत हेमलता हलली नाही.

मोनाली त्या वर्षी शाळेत परत आली नाही. जूनमध्ये नवलने तिला चोपड्याच्या आश्रमशाळेत घातलं.

हेमलताने प्रबंधातून अकराही हकिकती काढल्या. जगदीश सर म्हणाले, "एक काढ, बाकीच्या राहू दे. परीक्षकांना त्याच आवडतील." ती म्हणाली, "सर, बाकीच्या दहांच्या पाठीही मी वाचल्या नव्हत्या." सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चूक माझीही आहे. तपासून घे, असं तुला सांगितलं, पण तपासलंस का, ते विचारलं नाही." काम एका वर्षाने लांबलं. वर्तमानपत्राला तिने चार ओळींचं पत्र पाठवलं: लेखातल्या हकिकती संबंधितांना न विचारता छापल्या गेल्या, त्याबद्दल लेखिका क्षमा मागते. कुठली हकिकत, काय चूक, हे काही लिहिलं नाही. ते पत्र आतल्या पानावर, एका जाहिरातीखाली आलं.

मग ती आणि अभिमन सुट्टीच्या दिवशी एकेक फॉर्म घेऊन पाड्यांवर जाऊ लागले. ज्याचा फॉर्म त्याला परत द्यायचा आणि विचारायचं, हे वापरू का? काही घरांत कुणी उरलंच नव्हतं. काहींनी हो म्हटलं. एका पाड्यावर लोकांना झिरपाड्याची गोष्ट कळली होती. तिथे त्यांनी दोघांना आत घेतलं नाही. त्याच महिन्यात तिथे आरोग्य केंद्राकडून पाहणी करायला आलेल्या आशाताईंनाही कुणी काही सांगितलं नाही, असं अभिमन म्हणाला. आशाताई बिचाऱ्या कोरे कागद घेऊन परत गेल्या. ते ऐकल्यावर हेमलता दोन दिवस जेवली नाही.

पुढच्या होळीला मोनाली झिरपाड्याला आली. नवल तिला सोडून गेला आणि तिसऱ्या दिवशी घेऊन गेला. अभिमनला हे बाजारात कळलं, त्याने हेमलताला फोन केला.

"आजी भेटली होती. म्हणाली, पोर येल व्हती. एवढंच. खुश दिसली का विचाराल तर सांगता नाही येणार. हातात बांगड्या नव्या होत्या."

"बोलल्या का दोघी?"

"ते नाही विचारलं, ताई. विचारू का?"

"नको," हेमलता म्हणाली. आतून वडिलांनी हाक मारली. तिने फोन ठेवला आणि त्यांना उठवून बसवायला गेली.